खिळ्यावरची पिवळी पिशवी

मित्रांनो, दाराच्या मागं कोण बघतं? कोणीच नाही. दार उघडलं की माणूस सरळ आत जातो, चुलीवर काय आहे बघतो, टेबलावर काय आहे बघतो. दारामागं एक खिळा असतो आणि त्यावर कोणीतरी लटकत असतं, हे त्याच्या ध्यानातसुद्धा येत नाही. मी तिथलीच. एक जुनी पिवळी पिशवी. एकोणीस वर्षं झाली मला शिवून. त्यातलं खरं काम मी केलं ते एका दुपारी. बाकीची सगळी वर्षं मी नुसती वाट बघितली.

पिशवी व्हायच्या आधी मी कोट होते. रबरी कोट, रोसामेलचा. पुन्ता पिउरे नावाचं आमचं बंदर, तिथं रोसामेल पाणबुड्या होता. समुद्राच्या तळाला खडकांना लोको नावाचे मोठे शिंपले चिकटलेले असतात, ते तो लोखंडी कांबीनं उचकटून वर आणायचा. बोटीवर आला की मला अंगात घालायचा. डिझेल, मासळी आणि त्याची तंबाखू, तिन्हींचा वास माझ्यात मुरलेला. एक दिवस मी बोटीच्या कडेला अडकले आणि माझी बाही खांद्यापासून टरकली. घरी येऊन रोसामेल म्हणाला, "फेकून दे हा."

त्याची बायको एदुविना म्हणाली, "तुला फेकीन. दे इकडं."

तिनं मला टेबलावर पसरलं, दोन्ही बाह्या कापल्या, पाठीचा भाग दुमडला आणि जाळं विणायच्या डांबरी दोऱ्यानं टाके घातले. एका जुन्या तरंगत्या जाकिटाचे पट्टे काढून मला खांद्याला लावले. सगळं हातानं. एदुविनाइतकं सुबक शिवणारं साऱ्या बंदरात कोणी नव्हतं, पण शिवणयंत्र ती घरात येऊ द्यायची नाही. रोसामेलनं एकदा आणलं होतं, तर त्याला त्याच पावली परत न्यायला लावलं.

का, ते सांगते. ती सात वर्षांची असताना मोठा भूकंप झाला होता. सगळं बंदर टेकडीवर पळालं. समुद्र आला, गुडघाभर पाणी झालं, आणि ओसरलं. लोकांना वाटलं, संपलं. तिची आई म्हणाली, "माझं शिवणयंत्र भिजलं असेल, पुसून येते. पाच मिनिटं." ती खाली उतरली. दुसरी लाट पहिलीच्या तिप्पट होती.

एदुविना हे सांगताना कधी रडली नाही. नुसता दोरा दातानं तोडायची. माझे सगळे टाके तसेच तोडलेत तिनं.

मग तिनं मला भरलं. पाण्याच्या चार बाटल्या. कडक बिस्किटांचे पुडे. विजेरी, छोटा रेडिओ, दोन्हींचे सेल वेगळे बांधून. शिट्टी. लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या. रोसामेलच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आणि कोंबडीच्या आकाराचं एक घड्याळ, अंडी उकडायला लावतात ना, ठरल्या वेळेला किणकिणतं, ते. वर एक यादी, तिच्या हातची, आणि यादीच्या बाजूला रिकामे रकाने. दर वर्षी मे महिन्यात, आई गेली त्या दिवशी, ती मला खाली काढायची. पाणी बदलायची, बिस्किटं बदलायची (जुनी रोसामेलला खायला लागायची), सेल चाटून बघायची आणि रकान्यात खूण करायची. मग मला पाठीवर टाकायची आणि नवऱ्याला लाथ मारून उठवायची.

"ऊठ म्हाताऱ्या, समुद्र आला."

"येऊ दे. पाय पुसून ये म्हणावं."

"उठतोस का घड्याळ लावू?"

ती कोंबडीला अकरा मिनिटांची चावी द्यायची. कोंबडी किणकिणायच्या आत टेकडीवरच्या दफनभूमीच्या फाटकाला हात लागला पाहिजे. रोसामेल नदीकडच्या आतल्या गावचा. त्यानं लहानपणी लाट बघितली नव्हती, म्हणून त्याला हे सगळं खूळ वाटायचं. पण जायचा. धापा टाकत, शिव्या देत जायचा. बंदरातली पोरंटोरं, बाप्ये, सगळे बाहेर येऊन दात काढायचे.

"आली बघा पिवळी पलटण! काय एदुविना, लाट कुठवर आली?"

"तुझ्या नाकापर्यंत! तोंड मीट!"

फाटकाशी पोचलं की ती मला खाली ठेवायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, "इथं एक तर आपल्या पायांनी यायचं, नाहीतर चौघांच्या खांद्यावर. मला तरी पायांनी आवडतं बाबा."

आणि परत जाताना नवऱ्याला विचारायची, जसं शाळेत विचारतात तसं:

"जमीन हलली, उभं राहता येईना. काय करायचं?"

"पळायचं."

"भोंगा वाजायची वाट बघायची?"

"नाही."

"पहिली लाट येऊन गेली. आता?"

"आता घरी जाऊन तुझी जुनी कडक बिस्किटं... बरं बरं, मारू नको. बसून राहायचं. उजाडेपर्यंत."

"दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत," ती म्हणायची. "अन् कशासाठीही खाली यायचं नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

मित्रांनो, खरं सांगते, ते दिवस माझे चांगले दिवस होते. वर्षातनं एकदाच कोणी मला हात लावायचं, पण तो हात कसा होता!

मी दोन वर्षांची असताना आमच्याकडं विमेवाला आला. इतालो नाव त्याचं. पोरगाच होता, पायात नवे चकचकीत बूट, आणि ते त्याला चावत होते, हे मला खिळ्यावरनं दिसलं. घर लाकडाचं, खांबांवर उभं केलेलं, रोसामेलनं स्वतःच्या हातांनी बांधलेलं. भरतीला पाणी खांबांशी यायचं. इतालोनं सगळं फिरून बघितलं, कागद काढला.

"आगीचा विमा. त्यात भूकंप घालू?"

"घाल," एदुविना म्हणाली.

"समुद्र बाहेर येऊन घर गेलं तर, ते वेगळं घ्यावं लागतं सेन्योरा. भूकंपात ते येत नाही. बरेच लोक सोडतात ते, जास्त पैसे पडतात म्हणून."

चुलीपाशी बसलेला रोसामेल हसला. "त्या समुद्राला मी चाळीस वर्षं ओळखतो. तो माझं घर नेईल होय?"

"तू ओळखतोस," एदुविना म्हणाली. "पण तो तुला ओळखतो का, विचारलंस कधी? घाल रे पोरा, समुद्र घाल."

ती धुरावलेले शिंपले माळ करून बाजारात विकायची. त्याचे पैसे तिच्या खात्यात जायचे आणि तिथनंच विम्याचे कापले जायचे. त्यामुळं कागदावर नाव तिचं लागलं. रोसामेलनं सही केली नाही. त्याचा हात शिंपल्यांनी ओला होता.

इतालो जाताना म्हणाला, "घराच्या एकेका खोलीचे फोटो काढून ठेवा. उद्या काही झालं तर काय होतं काय नव्हतं, दाखवायला लागतं."

दुसऱ्या दिवशी रोसामेल समुद्रावर असताना शेजारची सुनिल्दा तिचा कॅमेरा घेऊन आली. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालेलं, सगळ्या गोष्टींचं हसू यायचं तिला. झोपायची खोली झाली, पडवी झाली, आणि मग स्वयंपाकघर.

"मावशी, बाजूला व्हा ना. चूल दिसत नाही."

"चुलीच्या भट्टीत पाव आहे. मी हलणार नाही, जळेल तो."

"अहो घराचा फोटो पायजे त्यांना, तुमचा नाही!"

"मग काय मी घराबाहेरची आहे का? काढ गुपचूप!"

फोटो शहरातनं छापून आले. एदुविनानं ते विम्याच्या कागदाबरोबर प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि माझ्या आतल्या कप्प्यात, पाठीला लागून, शिवून टाकल्यासारखे बसवले. रोसामेलला ते दाखवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. भिंतींचे फोटो काय दाखवायचे?

त्यानंतर सुनिल्दानंही आपल्या घराचा तसाच विमा काढला. नवऱ्याशी भांडून काढला.

मग पुढची वर्षं गेली. मे, मे, मे. चौदा खुणा झाल्या यादीवर. पंधरावी झाली नाही.

एदुविनाला हिवाळ्यात खोकला धरला, तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं, आणि आठ दिवसांनी आणलं ते सरळ टेकडीवर. चौघांच्या खांद्यावर. दार उघडंच होतं त्या दिवशी, आणि मी उघड्या दाराच्या मागं दाबली गेले होते, त्यामुळं मला ते दिसलं नाही. नुसते पाय ऐकू आले. खूप पाय, हळूहळू चाललेले.

लेकरू नव्हतं त्यांना. घरात रोसामेल राहिला आणि मी.

सुरुवातीला तो माझ्याकडं बघायचाच नाही. मग एकदा दिवा गेला, तेव्हा त्यानं माझ्यातनं विजेरी काढली. "परत ठेवतो," म्हणाला. कोणाला म्हणाला? घरात तर कोणी नव्हतं. मलाच म्हणाला असं मी धरून चालले. विजेरी काही परत आली नाही. फुटबॉलचा सामना होता तेव्हा रेडिओ आणि सेल गेले, नळाला पाणी नव्हतं तेव्हा बाटल्या गेल्या. रात्री पाय गार पडायचे म्हणून मोजे गेले. बिस्किटं त्यानं एकेक करून चहात बुडवून खाल्ली, कारण पाव भाजणारी आता नव्हती. कोंबडीही गेली, अंडी उकडायला. मला दारामागून तिचं किणकिणणं ऐकू यायचं. तीन मिनिटं. आता ती फक्त तीन मिनिटं मोजायची.

डोकं फिरायचं माझं. ओरडावंसं वाटायचं, अरे म्हाताऱ्या, तुझ्या गोळ्या तरी राहू दे! पण पिशवीला तोंड असतं ते फक्त भरायला आणि रिकामं करायला.

आणि मग पत्रं यायला लागली.

पहिलं पत्र आलं ते एदुविनाच्या नावानं. विमा कंपनीचं. रोसामेलनं ते हातात धरलं, नाव वाचलं, अंगठा त्या नावावरनं फिरवला. मग दारामागं आला आणि उघडल्याशिवाय माझ्यात टाकलं. एदुविना विम्याचे कागद माझ्यातच ठेवायची ना, म्हणून.

दुसरं आलं, तेव्हा सुनिल्दा तिथंच होती, त्याच्यासाठी रस्सा घेऊन आलेली.

"काका, उघडा तरी. काही कामाचं असेल."

"माझ्या नावाचं आहे का?"

"मावशीच्या नावाचं आहे."

"मग मी कसं उघडू? दुसऱ्याचं पत्र फोडायला मी काय चोर आहे?"

"दुसऱ्याचं? बायको होती तुमची!"

"होती म्हणू नकोस माझ्या दारात," रोसामेल म्हणाला. "रस्सा ठेव आणि जा."

ती गेली. चूक कोणाची, मित्रांनो? मला आजही ठरवता येत नाही. जगात तिच्या नावानं काहीतरी येत होतं, तेवढं एकच. ते फोडलं असतं तर आत लिहिलं असणार होतं की ती नाही. त्याला ते वाचायचं नव्हतं. म्हणून तो पत्रं साठवत गेला. सहा, सात, अकरा. पुढची पुढची लाल पट्ट्याची यायला लागली. पाणी नाही, बिस्किट नाही, पण मी फुगत चालले. बाहेरनं कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, वा, किती तयारी आहे या घराची!

अशी तीन वर्षं गेली. तीन मे. मी खिळ्यावरनं उतरले नाही.

मग ती दुपार. रोसामेल चहाला बसला होता. आधी कपबशी थरथरली. ते नेहमीचं होतं, आमच्याकडं जमीन अधूनमधून अंग झटकतेच. पण ते थांबलं नाही. लोखंडी चुलीचं दार उघडलं, निखारे बाहेर आले, फळीवरच्या बरण्या एकेक उड्या मारायला लागल्या. रोसामेल उठला आणि खाली आपटला. परत उठला, परत आपटला. मी खिळ्यावर घड्याळाच्या लंबकासारखी आपटत होते, धाड, धाड. किती वेळ? मला तर एक अख्खं वर्ष वाटलं.

थांबलं तेव्हा घर तिरकं झालं होतं, पण उभं होतं. रोसामेल गुडघ्यांवर होता. भोंगा वाजला नाही. वीज गेली होती. त्यानं बाहेर पडलेल्या निखाऱ्यांवर चहाची किटली ओतली, दाराकडं आला, आणि त्याचा हात माझ्याकडं आला.

विचार करून नाही आला. चौदा वर्षांच्या लाथांची सवय होती ती. हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं. माझ्यात काय आहे, काय नाही, हे त्याला आठवलंसुद्धा नाही. तिचा एकच फोटो घरात होता, चुलीच्या वर भिंतीला. त्याच्याकडं त्यानं वळून बघितलं, आणि फोटो तिथंच राहिला.

आम्ही निघालो. त्याचा एक गुडघा फुटला होता. सगळं बंदर त्याच रस्त्यानं निघालं होतं, कोणी कोंबड्या घेऊन, कोणी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन. आता कोणी दात काढत नव्हतं. उलट एक जण पळता पळता ओरडला, "पिवळी पिशवी पुढं गेली, तिच्या मागं चला!" मला अभिमान वाटला. आणि लगेच आठवलं, की माझ्या पोटात काय आहे.

फाटकाशी पोचलो. अकरा मिनिटांत नाही. एकोणीस लागली असतील. खाली बघितलं तर पाणी येतच होतं. पांढरं काही नव्हतं त्यात, आवाजही फार नव्हता. नुसतं वर चढत आलं, बोटी उचलल्या, घरांच्या खांबांत शिरलं, आमच्या उंबऱ्याला लागलं, आणि थांबलं. मग परत गेलं. घर उभंच होतं. सगळे हसायला लागले, रडायला लागले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले.

तेवढ्यात सुनिल्दाची सासू चक्कर येऊन खाली बसली. कोणीतरी म्हणालं, "पाणी! अरे एदुविनाच्या पिशवीत पाणी असणारच!"

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. सुनिल्दानं माझं तोंड उघडलं, हात घातला, आणि बाहेर आली पत्रं. मूठभर, परत मूठभर. पाण्याचा थेंब नाही. तिनं नुसतं रोसामेलकडं बघितलं. पाणी दुसऱ्या कोणीतरी दिलं.

मित्रांनो, तेव्हा वाटलं, बाहीसारखं टरकावं आणि संपावं.

पण रोसामेलचं लक्षच नव्हतं. तो समुद्राकडं बघत होता. पाणी मागं गेलं होतं ते जातच राहिलं होतं. खाडी उघडी पडली. ज्या खडकांवर त्यानं आयुष्यभर पाण्याखाली काम केलं, ते खडक उन्हात काळे चमकत होते आणि त्यांच्यावर लोको, हजारो लोको. पाच-सहा बाप्ये पोती घेऊन खाली निघाले.

"चल रोसामेल! बुडी न मारता वेचायचे आज! तुझ्या हक्काचे खडक आहेत!"

रोसामेल उठला. पण खडकांसाठी नाही.

"कुठं निघालात काका?" सुनिल्दा म्हणाली.

"घर उभंच आहे. तिचा फोटो आणतो, चुलीवरचा. पाच मिनिटं."

पाच मिनिटं. मी हे शब्द चौदा वर्षं ऐकले होते, एदुविनाच्या तोंडून, तिच्या आईचे म्हणून. टेकडीवर त्या क्षणी हे शब्द ओळखणारी मी एकटीच होते, आणि मी होते एक पिशवी.

"काका, मावशीनं काय सांगितलं होतं?"

"सगळं सांगितलं होतं. पण तिचा दुसरा फोटो नाही माझ्याकडं. तुला नाही कळायचं. सोड."

सुनिल्दानं त्याची बाही धरली, त्यानं झटकली. पाणबुड्याचा हात होता तो, म्हातारा झाला तरी. तो चार पावलं उतरला, सहा उतरला. सुनिल्दा माझ्यापाशी गुडघे टेकून बसली आणि मला चक्क उलटी केली. अजून शिट्टी तरी असेल, असं वाटलं असेल तिला, वाजवून त्या बाप्यांना थांबवायला. तिनं मला झटकलं, शिट्टी पडली नाही, म्हणून माझ्या आतल्या कप्प्यात नखं घातली, आणि एदुविनानं बसवलेलं ते प्लास्टिक ओढून काढलं. विम्याचा कागद. यादी. फोटो.

"काका!" ती एवढ्या जोरात ओरडली की खडकांकडं निघालेलेही वळले. "काका, फोटो इथं आहे!"

तो थांबला. "खोटं बोलू नकोस."

"या आणि बघा! मीच काढलाय!"

तो सहा पावलं परत चढला. तिनं फोटो त्याच्या हातात दिला. आमचं स्वयंपाकघर. चूल अर्धीच दिसतेय, कारण अर्ध्यावर एदुविना उभी. पिठाचा हात वर केलेला, तोंड उघडं, भुवया चढलेल्या. भिंतीवरच्या फोटोत ती कशी गप्प, केस विंचरून बसलेली होती. ही तशी नव्हती. ही रोजची होती.

रोसामेलनं तो फोटो कधीच बघितला नव्हता. पंधरा वर्षं तो त्याच्या दारामागं, माझ्या पाठीत होता.

"काय म्हणतेय ती इथं?" त्यानं विचारलं.

सुनिल्दाला हसू आलं आणि रडूही आलं. "मला म्हणत होत्या. पाव जळेल, मी हलणार नाही."

"हलणार नाही म्हणते?"

"हो."

रोसामेल तिथंच खाली बसला, माझ्याशेजारी, ओल्या गवतात. "बरं," तो म्हणाला. "मग मी पण नाही हलत."

पुढचं मी थोडक्यात सांगते. दुसरी लाट आली ती सरळ उभी आली. पोती घेऊन गेलेल्यांतले तिघं वर पोचले. आमचं घर खांबांवरनं उचललं गेलं, थोडा वेळ तरंगलं, आणि मग ते घर राहिलं नाही. रोसामेलनं फोटो शर्टात घातला होता. त्यानं मान वर करून घराकडं बघितलंही नाही.

लोक टेकडीवर बसून राहिले, तेव्हा सुनिल्दानं त्याला विचारून पत्रं फोडली. पहिल्यात लिहिलं होतं, खातं बंद झाल्यामुळं हप्ता मिळाला नाही. पुढच्यात, विमा ज्यांच्या नावावर आहे त्यांचं निधन झालं असेल तर घरच्यांनी कळवावं, नाव बदलून विमा चालू ठेवता येईल. त्याच्या पुढच्यांतही तेच. शेवटच्या चारांत म्हटलं होतं की विमा बंद झाला आहे, पुन्हा चालू करायचा असेल तर एक फोन करा.

"एक फोन," रोसामेल म्हणाला.

महिन्यानं इतालो आला. तो आता जाडा झाला होता, बूटही जुने, चिखलानं भरलेले. त्यानं घरांच्या जागा मोजल्या. सुनिल्दाच्या जागेपाशी बराच वेळ लिहीत बसला. तिला पैसे मिळाले, तिचं घर आता वर टेकडीच्या वाटेवर उभं राहतंय. मग तो रोसामेलकडं आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"काका, सगळं होतं मावशीच्या कागदात. भूकंप होता. समुद्र होता. फोटो होते. शंभरात एखाद्याकडं इतकं नीट असतं. फक्त ते चालू नव्हतं."

"तुझी चूक नाही पोरा."

"तुम्ही फोन का नाही केला?"

रोसामेल खांबाला चिकटलेला एक शिंपला नखानं उचकटत राहिला. काही जागा अशा असतात माणसाच्या आत, त्या विमेवाल्याला नेऊन दाखवता येत नाहीत.

आता आम्ही टेकडीवर राहतो, सरकारनं दिलेल्या दोन खोल्यांच्या फळ्यांच्या घरात. समुद्र दिसतो, पण ऐकू येत नाही. दारामागं खिळा आहे, खिळ्यावर मी. रोसामेलनं मला भरलंय. चार बाटल्या पाणी, बिस्किटं, विजेरी, सेल, गोळ्या. कोंबडी समुद्रात गेली, म्हणून त्यानं नवीन आणली, ती बदकाच्या आकाराची आहे. मोज्यांच्या दोन जोड्याच ठेवल्यात त्यानं. एक जोडी कोणाची, मी विचारलं नाही.

दर वर्षी मे महिन्यात तो मला पाठीवर घेऊन खाली जुन्या जागेवर जातो. नुसते आठ खांब आहेत तिथं. तिथं उभा राहून बदकाला चावी देतो आणि चढायला लागतो. कोणी हसत नाही. दाराशी उभे राहून बघतात, आणि हल्ली दोन-चार घरांतनं लोक आपापल्या पिशव्या घेऊन मागं चालतात. पण तो पुढं एकटाच चालतो. बोलत चालतो. "जमीन हलली, उभं राहता येईना, काय करायचं? पळायचं." प्रश्नही त्याचाच, उत्तरही त्याचंच.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरी दारामागं माझ्यासारखी कोणी असेल तर वर्षातनं एकदा तिला खाली काढा. फुगलेली दिसते म्हणून भरलेली आहे असं धरून चालू नका. हात घाला आत. घराच्या कागदांवर एकाचं नाव असेल तर दुसऱ्याचंही घाला, दोघं असताना घाला. आणि पत्र आलं तर फोडा. कोणाच्याही नावाचं असो, कितीही जड वाटो, फोडा. ज्याचं नाव आहे त्यानंच कधीतरी तुमच्यासाठी ते सुरू केलेलं असतं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडं एक पत्र आलं. पाकिटावर रोसामेलचं नाव होतं. फळ्यांच्या घराचा विमा, छोटासा, पण चालू. तो टेबलाशी बसला, शिंपले उघडायच्या सुरीनं पाकीट फोडलं, आणि भिंतीवरच्या फोटोकडं तोंड करून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचलं. फोटोत ती हात वर करून उभीच होती, अर्धी चूल अडवून.

मग तो दारामागं आला, यादी काढली, खाली 'पत्र' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात खूण केली.